१९६९ च्या कमॅरोला ७ क्वार्टचा ऑइल पॅन: हवा की नको?

वुडवर्डकर (धागाकर्ता)
मंडळी, मिशिगनमध्ये राहतो. १९६९ ची शेवरले कमॅरो आहे, ३५० घनइंचांचं स्मॉल-ब्लॉक इंजिन. उन्हाळ्यात वुडवर्ड ॲव्हेन्यूवर फेरफटका असतोच, शिवाय अधूनमधून गाडी जिंजरमॅनच्या रेसट्रॅकवर नेतो. तिथे लांब वळण घेताना ऑइल प्रेशरचा काटा झपकन खाली येतो, गाडी सरळ झाली की पुन्हा वर. डिपस्टिकवर तेल पूर्ण असतं.
मूळ ऑइल पॅनमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) ४ क्वार्ट तेल, फिल्टर धरून ५; क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर. माझं मत ठाम आहे: गाडी ट्रॅकवर न्यायची आणि तळाशी हाच पॅन ठेवायचा, म्हणजे बेअरिंगांवर पाणी सोडायचं. ७ क्वार्टचा खोल आफ्टरमार्केट पॅन बसवणार आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारणं द्यावीत.

जुनं_लोखंड
असहमत, आणि जोरात असहमत.
काटा पडतो तो तेल कमी आहे म्हणून नाही, पिकअपच्या, म्हणजे पंपाला तेल ओढून देणाऱ्या नळीच्या, तोंडाशी तेल नाही म्हणून. या इंजिनचा संप, म्हणजे पॅनचा तेल साचणारा खोल भाग, मागे आहे. वेग घेताना तेल मागे जातं, म्हणजे पिकअपकडेच. ड्रॅग स्ट्रिपवर त्यामुळे भागून जातं. पण जोरात ब्रेक दाबला की ते पुढे धावतं आणि वळणात एका बाजूला चढतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा. परात मोठी केली म्हणून पाणी हिंदकळायचं थांबत नाही. थांबवतात ते बॅफल, म्हणजे पॅनमधले आडवे पत्रे, आणि ट्रॅपडोअर, म्हणजे तेलाला पिकअपकडे येऊ देणारी पण परत जाऊ न देणारी बिजागरीची दारं.
शेवरलेनेही हा विचार केला होता. ट्रान्स-ॲम शर्यतीत इंजिनला ३०५ घनइंचांची मर्यादा होती, म्हणून कमॅरोच्या झेड/२८ आवृत्तीसाठी ३०२ चं इंजिन काढलं आणि त्यात विंडेज ट्रे, म्हणजे क्रँक आणि तेल यांच्यामधला पत्रा, कारखान्यातूनच दिला. क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) वावटळीत तेल ओढलं जाऊ नये, हाच हेतू.
खोल पॅन क्रॉसमेंबरच्या (इंजिनखालच्या चासीच्या आडव्या पट्टीच्या) खाली लोंबतो. मिशिगनच्या रस्त्यांना मार्च-एप्रिलमध्ये काय खड्डे पडतात ते तुम्ही रोज बघता. गाडीतली सर्वांत खालची वस्तू ऑइल पॅन असावी, हे मला कुठल्याच हिशेबात बसत नाही.

तेलकट_हात
लोखंडराव, बॅफलचं सगळं मान्य. पण तेल किती आहे याला काहीच अर्थ नाही, हे मान्य नाही.
६००० आरपीएमला पंप तेल वर फेकत असतो. ते हेडमध्ये, व्हॉल्व्ह कव्हरखाली साचतं आणि आपल्या गतीने खाली उतरतं. थोडं क्रँकभोवती फिरत राहतं. एवढं वजा केल्यावर ४ क्वार्टांतलं संपमध्ये उरतं किती? हाय व्हॉल्यूम पंप असेल तर आणखी कमी. जास्त तेल म्हणजे ते परत येईपर्यंत मिळालेला अवधी, आणि ते तापतंही सावकाश. मूळ पॅनमध्येच वरून क्वार्टभर ओतणारे लोक आहेत. ते करू नका, क्रँक त्याचा फेस करतो आणि पंप हवा ओढतो.
मूळ खोलीचाच, पण दोन्ही बाजूंनी रुंद केलेला पॅन मिळतो. तो घ्या, दोघांचंही म्हणणं राहील.

वुडवर्डकर, मागवण्याआधी ब्लॉक कोणत्या सालचा आहे ते बघा. गाडी १९६९ ची म्हणून इंजिनही त्याच सालचं, असं धरून चालू नका. पन्नास वर्षांत कितीतरी गाड्यांची इंजिनं बदलली गेली. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, ड्रायव्हरच्या बाजूला, कास्टिंग नंबर असतो. १९७४ पर्यंतच्या ब्लॉकला पॅनचं पुढचं सील पातळ, १९७५ ते १९८५ जाड, आणि १९८६ पासून क्रँकचं मागचं मेन सीलच एकसंध, त्याचा पॅन वेगळा. डिपस्टिक १९७९ पर्यंत ड्रायव्हरच्या बाजूला, १९८० पासून पलीकडे. यात चूक झाली तर पॅन बसतो आणि गळतो, किंवा बसतच नाही.

दुसरं, पिकअप. पॅनची खोली बदलली की पिकअपही त्याच पॅनचा लागतो. जाळी आणि तळ यांत साधारण पाव ते तीन-अष्टमांश इंच अंतर हवं. जाळीवर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा चिकटवा, गॅस्केट ठेवून पॅन लावा, चार बोल्ट आवळा, पुन्हा उतरवा. दबलेला गोळा ब्लेडने कापून जाडी मोजा. जाळी तळाला टेकली तर पंप उपाशी, फार वर राहिली तरी उपाशी. पिकअप पंपात नुसता ठोकून बसवलेला असतो, हादऱ्यांनी निसटू शकतो. वेल्डिंगचा टाका मारून घ्या. त्याआधी पंपातली प्रेशर रिलीफची स्प्रिंग काढून ठेवा, उष्णतेने तिचा ताण जातो.

एलएस_बसवा
एवढा खटाटोप कशाला? जनरल मोटर्सचं नंतरच्या पिढीचं एलएस इंजिन टाका आणि मोकळे व्हा.

जुनं_लोखंड
पॅनपासून सुटका तिथेही नाही. ट्रकमधून काढलेल्या एलएसचा पॅन इतका खोल असतो की पहिल्या पिढीच्या कमॅरोत तो हमखास बदलावा लागतो.

वुडवर्डकर
तेलकट_हात, खूप आभार. कास्टिंग नंबर आजच बघतो. रुंद पॅनचा पर्याय पटतोय, पण मूळ खोलीत ७ क्वार्ट बसणार नाहीत ना? मला तेल जास्तच हवंय, त्यावर मी ठाम आहे. खड्ड्यांतून गाडी हळू नेईन. इंजिन बाहेर न काढता हे काम होतं का?

तेलकट_हात
होतं, पण इंजिन वर उचलावं लागतं. आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, नाहीतर फायरवॉलला लागून तडकते. क्रँक फिरवून पुलीवरची टायमिंगची खूण बरोबर खाली आणा, म्हणजे क्रँकचं पुढचं काउंटरवेट (तोल साधणारं वजन) वर जातं आणि पॅन निघायला वाट मिळते. बोल्ट हाताच्या बेताने आवळा. जास्त जोर लावला की पत्र्याची कड वाकते आणि गळती तिथूनच सुरू होते. ७ क्वार्टचाच घेणार असाल तर जुन्या डिपस्टिकवर विसंबू नका. मोजून तेल ओता, इंजिन चालवून फिल्टर भरू द्या, थोडं थांबून नवी खूण करा.

जुनं_लोखंड
माझा विरोध कायम आहे. निदान एक करा: आधी ट्रॅपडोअरवाला, मूळ खोलीचा पॅन लावून जिंजरमॅनला जा. दर १००० आरपीएमला १० पीएसआय तेलाचा दाब हा ढोबळ नियम धरा. गरम तेलावर, त्याच वळणात काटा तेवढा टिकला, तर खोल पॅनची गरज काय ते मला इथे येऊन सांगा. रुंद पॅन घेणाऱ्यांनीही गाडीखाली शिरून स्टार्टर आणि हेडरच्या (एक्झॉस्टच्या) नळ्यांपाशी जागा मोजावी. आणि पॅन कुठलाही असो, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून सेंटर लिंक (स्टिअरिंगचा मधला दांडा) त्याला घासत नाही ना, ते बघितल्याशिवाय गाडी स्टँडवरून उतरवू नका.