आत्याला पहिला अ‍ॅनिमे कोणता दाखवायचा?

पोटमाळा

आमची आत्या बासष्ट वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. पुण्यात आल्यावर फिल्म सोसायटीची सभासद झाली आणि आता इराणी सिनेमे माझ्यापेक्षा जास्त बघते. गेल्या महिन्यात म्हणाली, "तुम्ही पोरं ते जपानी कार्टून बघत असता, त्यातलं मलाही एक दाखव. पण लहान मुलांचं नको."

मी उत्साहाने आमच्या ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटांत यादी हजर: बर्सर्क, अटॅक ऑन टायटन, डेथ नोट, अकिरा. मुंडकी उडाली, आतडी बाहेर आली की झालं 'मॅच्युअर', असा एकूण हिशोब दिसला. माझा आक्षेप इथेच आहे. डेथ नोट जपानमध्ये छापून आलं ते 'शोनेन जंप'मध्ये, म्हणजे मुलग्यांसाठीच्या साप्ताहिकात. उलट शाळेतून आल्यावर दप्तर फेकून आपण हिंदीत बघायचो तो शिनचॅन १९९० साली मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाला. (त्याच्या चावटपणापायी २००८ मध्ये आपल्याकडे बंदीही आली होती, आठवत असेल.) तेव्हा रक्ताच्या पातळीवरून वय ठरवणं सोडून द्यावं.

मी आत्याला इसाओ ताकाहाताचा 'ओन्ली येस्टरडे' दाखवला. १९९१ चा, घिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा. गोष्ट अशी: १९८२ साल, टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको सुट्टी काढून यामागाताच्या खेड्यात, बहिणीच्या सासरच्या माणसांकडे, फुलं तोडायला जाते. आगगाडीत तिच्याबरोबर तिचं पाचवीतलं रूपही चढतं. बास. कोणी मरत नाही, कोणी कोणाचा सूड घेत नाही.

ती फुलं म्हणजे बेनिबाना. म्हणजे आपली करडई! मला हे माहीतच नव्हतं. आत्या पडद्याकडे बघून म्हणाली, "अगं, करडई आहे ही. पहाटेच जात असतील बघ, दव असतं तोवर काटे मऊ असतात." आणि तसंच निघालं. आत्याचं माहेर मंगळवेढ्याकडचं, तिने लहानपणी करडई काढलेली आहे. आपण तेल काढतो, ते लोक त्या पाकळ्यांपासून लाल रंग आणि ओठांची लाली करतात, एवढाच फरक.

तर माझं म्हणणं: खुल्या मनाच्या मोठ्या माणसाला पहिल्यांदा मोठ्यांच्या आयुष्याबद्दलचं काही दाखवा. हाणामारी नंतर बघतील, नाहीतर नाही बघणार. मतं येऊ द्यात.

काळी_मांजर

साफ असहमत.

ओन्ली येस्टरडे मी रूममेटला दाखवला होता. अर्ध्या तासात घोरायला लागला. मलाही कंटाळाच आला, खोटं कशाला बोलू. आत्याला आवडला कारण करडई निघाली. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी करडई बघितली नाही त्याने काय करायचं?

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. एखादी बाई गावाला जाते, तिला लहानपण आठवतं, हे कॅमेऱ्याने चित्रित करता आलं असतं. असे सिनेमे मराठीतही निघतात. मग नवीन माणसाला अ‍ॅनिमे म्हणून ते का दाखवायचं? जे फक्त याच माध्यमात होऊ शकतं ते दाखवा ना! सातोशी कोनचा 'परफेक्ट ब्लू' (१९९७) घ्या. दीड तासाच्या आतला आहे. गाण्याच्या ग्रुपमधली मिमा गाणं सोडून अभिनेत्री व्हायला जाते आणि खरं काय, शूटिंगमधलं काय, डोक्यातलं काय, हे तिला आणि आपल्याला दोघांनाही कळेनासं होतं. कोन एका दृश्यातून दुसऱ्यात असा उतरतो की पाय कुठे पडला ते कळत नाही. २०१० साली सेहेचाळिसाव्या वर्षी गेला तो माणूस. चार सिनेमे आणि एक मालिका, एवढंच काम मागे ठेवून.

आणि "आधी वरणभात, मग ठेचा" हे धोरण मला अपमानास्पद वाटतं. समोरचा खुल्या मनाचा आहे म्हणताय ना? मग वाढा ठेचा.

पोटमाळा

@काळी_मांजर, कॅमेऱ्याने झालं असतं हे पटलं नाही. १९८२ चा भाग आणि पाचवीचा भाग वेगवेगळ्या हाताने काढल्यासारखे आहेत, हे बघितलंत का? वर्तमानात पानापानाचा तपशील आहे. आठवणींमध्ये चित्राच्या कडा पांढऱ्या पडत जातात, मागचं घर अर्धंच काढलेलं असतं. आपल्यालाही लहानपणी घरी आलेला अननस आठवतो, पण त्या दिवशी भिंतीला रंग कोणता होता ते आठवत नाही. मोठ्यांच्या भागात आवाज आधी ध्वनिमुद्रित केले आणि चेहरे त्यावरून काढले, म्हणून हसताना ताएकोच्या गालांवर स्नायूंच्या रेषा उमटतात. काहींना त्या रेषा खटकतात, मान्य. पण हे कॅमेऱ्याचं काम नाही.

अननसाचा प्रसंग तर आत्याने दोनदा लावायला लावला. घरात पहिल्यांदा अख्खा अननस येतो, कापायचा कसा कोणालाच माहीत नसतं, सगळे भोवती जमतात, आणि मग तो टणक आणि बेचव निघतो. एकेक जण हळूच बशी बाजूला सारतो. पाचवीतली ताएको मात्र हट्टाने खात राहते. अपेक्षाभंगाबद्दल यापेक्षा जास्त मी काही बघितलेलं नाही.

आणि शाळेच्या नाटकात एका वाक्याचं काम छान केलं म्हणून तिला कॉलेजच्या नाटकवाल्यांकडून बोलावणं येतं. वडील "नाटकबिटक नाही" म्हणून एका शब्दात विषय मिटवतात. तिथे आत्या काही बोलली नाही. चहा करते म्हणून उठली.

दोन_तासांची_लोकल

परफेक्ट ब्लूवरून माझा अनुभव सांगते, कारण इथे सगळे 'दाखवा दाखवा' म्हणतायत.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मला तो सुचवला. "थ्रिलर आहे, फार भारी आहे, काही वाचू नकोस, थेट बघ." रात्री एकटीने बघितला. त्यात मिमाला मालिकेसाठी बलात्काराचा प्रसंग चित्रित करावा लागतो, आणि तो प्रसंग लांब आहे. शूटिंगच आहे हे माहीत असूनही मला पुढे बघवेना. नंतर कधीतरी पूर्ण केला. सिनेमा थोर आहे यात वाद नाही. तो प्रसंग उगाच नाही, तोच त्या सिनेमाचा मुद्दा आहे. पण त्या सहकाऱ्याने सुचवलेलं मी त्यानंतर काहीही बघितलं नाही.

खुल्या मनाचा माणूस म्हणजे त्याच्या पुढ्यात न विचारता काहीही टाकावं असा माणूस नव्हे.

काळी_मांजर

ताई, तुमचा राग समजतो. पण आधीच सांगितलं की सिनेमाचा धक्काच जातो. अशा सिनेमात काहीच माहीत नसणं हाच अर्धा अनुभव असतो.

दोन_तासांची_लोकल

धक्का कथानकाचा राहू दे की. "यात लैंगिक अत्याचाराचं एक लांब दृश्य आहे, चालेल का?" एवढं एक वाक्य. खुनी कोण हे यातून कळतं का? जेवायला बोलावताना शेंगदाणे चालतात का विचारतो, म्हणून भाजीची चव जात नाही.

गावठी_बॅटमन

लोकलताईंना +१.

आता माझं ऐका. तुम्ही सगळे सिनेमा सिनेमा करताय, आमच्या बापूंनी ७४ भागांची मालिका संपवली! मॉन्स्टर. नाओकी उरासावाच्या चित्रकथेवरची. बापू जिल्हा रुग्णालयात ड्रेसर होते, रिटायर झाले, दिवसभर रहस्यकथा वाचणं हाच धंदा. मी पहिला भाग लावून दिला आणि वखरणीला गेलो. परत आलो तर चौथा चालू.

का? तर पहिल्याच भागाचा पेच. १९८६, जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ. जपानी मेंदूतज्ज्ञ तेन्मा. आधी एकदा वरिष्ठांच्या सांगण्यावरून आधी आलेल्या तुर्की मजुराला सोडून गायकाचं ऑपरेशन करतो, मजूर मरतो, त्याची बायको येऊन जाब विचारते. म्हणून पुढच्या वेळी महापौराला सोडून आधी आलेल्या मुलाच्या डोक्यातली गोळी काढतो. आणि तो मुलगा पुढे काय निघतो ते सांगत नाही. बापू म्हणाले, "आमच्याकडं बी साहेबाचा फोन आला की रांग मोडायची." पुढची दोन महिने घरात तेन्मा सोडून विषय नाही.

थोडक्यात: माणूस बघून सुचवा. 'नवीन प्रेक्षक' नावाचा माणूस कुठं राहतो?

पोटमाळा

बापूंना माझा नमस्कार सांगा. पण मॉन्स्टर मधे रेंगाळतं हे तुम्हीही मान्य कराल. आत्याला ७४ म्हटलं असतं तर तिने मलाच वर्गाबाहेर काढलं असतं.

शून्य_प्रहर

मला या सगळ्या चर्चेतला न्यूनगंडच खटकतो. "हे कार्टून नाही हो, गंभीर आहे, मोठ्यांचं आहे" असं कोणाला आणि का पटवून द्यायचं आहे? आत्याने "लहान मुलांचं नको" म्हटलं आणि तुम्ही लगेच मान्य केलंत, तिथेच चूक झाली. 'तोतोरो' दाखवायचा, घिबलीचाच, मुलांचा म्हणून ओळखला जाणारा. आई आजारी आहे, दवाखान्यात आहे, ती बरी होईल का हे दोन मुलींना कोणी सांगत नाही. मोठ्या माणसाला त्या घरातली भीती मुलांपेक्षा जास्त कळते.

गंमत बघा, जपानमध्ये १९८८ च्या एप्रिलमध्ये 'तोतोरो' आणि ताकाहाताचा युद्धातल्या भावाबहिणीवरचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' एकाच तिकिटात दाखवले गेले होते. एकाच स्टुडिओने एकाच दिवशी. मुलांचं आणि मोठ्यांचं अशी भिंत आपणच बांधतोय.

निळा_रेनकोट

'ग्रेव्ह'चं नाव निघालंच आहे तर: कृपया तो पहिला म्हणून कोणाला दाखवू नका. मी बहिणीला दाखवला. रडली, "छान होता" म्हणाली, आणि आजतागायत दुसरा अ‍ॅनिमे बघितला नाही. "तुमचे सगळे असेच असतात का?" असं विचारते.

शिवाय तो सरसकट 'युद्धविरोधी सिनेमा' म्हणून सुचवला जातो. खुद्द ताकाहाताला ते लेबल मान्य नव्हतं. मुलगा मावशीच्या टोमण्यांना कंटाळून बहिणीला घेऊन वेगळा राहायला जातो, जगाशी संबंध तोडतो, आणि त्याची किंमत दोघं मोजतात. ताकाहाताचं लक्ष तिथे होतं. मूळ कथा लिहिणाऱ्या नोसाकाची धाकटी बहीण १९४५ मध्ये खरोखरच उपासमारीने गेली होती. तो अपराधी भाव त्यात आहे. आपल्याकडे ती मावशी खलनायिका ठरते. मला स्वतःला चाळिशीनंतर बघताना ती तितकी वाईट वाटली नाही. रेशनवर चाललेलं घर होतं तिचं.

युद्धावरचंच हवं असेल तर काताबुचीचा 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' (२०१६). हिरोशिमाची मुलगी सासरी कुरेला येते आणि रानातल्या भाज्या घालून पुरवठ्याचा तांदूळ वाढवते. त्यातही जे व्हायचं ते होतंच, पण मधे श्वास घ्यायला जागा आहे.

काळी_मांजर

@गावठी_बॅटमन यांचा "माणूस बघून सुचवा" पटला. पण मग पोटमाळा यांचा "पहिल्यांदा अमुकच दाखवा" हा नियम पडतो की नाही? माझाही पडतो, मान्य.

@शून्य_प्रहर, तोतोरो ठीक आहे, पण विचारणाऱ्याने स्पष्ट सांगितलंय लहान मुलांचं नको. तरी तेच दाखवणं हाही एक प्रकारे लोकलताईंच्या सहकाऱ्याचाच उद्योग झाला.

फक्कड_तबलजी

माझी एक भर. 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू', २०१६ आणि २०१७ मधले दोन सीझन, मिळून पंचवीस एपिसोड. राकुगो म्हणजे आसनावर बसून एकट्याने गोष्ट सांगायची, सगळी पात्रं आपणच व्हायची, हाताशी पंखा आणि रुमाल, बास. तुरुंगातून सुटलेला एक पोरगा थेट एका खडूस बुवांकडे शिष्य व्हायला जातो. ज्यांनी घराणं, गंडा, गुरूचा लहरीपणा हे जवळून पाहिलंय त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. शब्दांवरच्या कोट्या उपशीर्षकांत मरतात हे खरं. पण 'शिनिगामी'ची, म्हणजे मृत्यूदेवाची गोष्ट, ज्यात प्रत्येकाच्या आयुष्याची एक मेणबत्ती जळत असते, ती कुठल्याही भाषेत अंगावर येते. तिचं मूळही युरोपातल्या लोककथेत सांगतात.

अवांतर: उपशीर्षकं वाचताना वयस्कर माणसांचं चित्र निसटतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून द्या.

पोटमाळा

अक्षरांचं आधीच केलं होतं. :) आता राकुगो यादीत. परफेक्ट ब्लूही सांगेन, त्या एका वाक्यासकट. बघायचा की नाही ते आत्या ठरवेल.

@काळी_मांजर, एक विचारायचं राहिलं. (ओन्ली येस्टरडेचा शेवट फोडतेय, ज्यांनी बघितला नाही त्यांनी पुढे वाचू नका.) शेवटी ताएको गाडीतून उतरते, परत फिरते, पाचवीचा अख्खा वर्ग तिच्या मागे धावतो, तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?

काळी_मांजर

उतरते कुठे? ती टोकियोला निघून जाते ना. गाडी सुटते, गाणं लागतं, नावं सुरू होतात.

पोटमाळा

नावं चालू असतानाच उतरते! खरा शेवट श्रेयनामावलीवरच आहे. तुम्ही ओटीटीवर बघितला असेल तर नावं लागताच चित्राची चौकट कोपऱ्यात जाऊन पुढचं काहीतरी सुरू झालं असेल.

काळी_मांजर

अरे देवा. मी नावं लागल्यावर बंद केला होता. रूममेट घोरत होताच.

बघतो आज रात्री. पहिला तास कंटाळवाणा आहे या मतावर ठाम आहे.