शब्दचर्चा: पाणबुडीतून टॉर्पेडो 'डागतात' की 'सोडतात'?

मंजिरी_ब
एका अमेरिकी कादंबरीचा अनुवाद करतेय. नाव सांगत नाही, करार आहे. शीतयुद्ध, पाणबुड्या, दर चार पानांनी एक तांत्रिक तक्ता, असा मसाला. पान २१२ वर चार दिवस अडून बसलेय.

प्रसंग असा. कॅप्टन टॉर्पेडोचा हुकूम देतो: "फायर!" हा हुकूम स्पीकरवरून सगळ्या पाणबुडीभर जातो. मागे इंजिनाशी एक नवखा पोरगा उभा आहे. तो हे ऐकतो, भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उपसतो आणि धावत सुटतो. पुढची दोन पानं या गोंधळावर आहेत आणि तीच पानं पुस्तकात सगळ्यात मजेशीर आहेत.

इंग्रजीत एका शब्दात काम झालं. मराठीत आग वेगळी आणि हुकूम वेगळा. मी आधी "डागा!" लिहिलं. सासरे (बँकेत होते, पण मतं तोफखान्यातली) म्हणाले, टॉर्पेडो डागत नाहीत, सोडतात. "सोडा!" लिहून पाहिलं तर गोटी सोड्याची गाडी डोळ्यांसमोर आली. काय करू? आणि टॉर्पेडो लिहू की पाणतीर?

शुद्धबुद्ध
पाणतीर. यात विचारण्यासारखं काय आहे? पाणबुडी चालते, पाणसुरुंग चालतो, मग पाणतीरच का टोचतो? हुकुमासाठी 'फैर झाडा' हा अस्सल मराठी शब्दप्रयोग असताना 'फायर'च्या दारात कशाला जायचं?

जुनी_पोथी
शुद्धबुद्ध, रागावू नका, पण चहा नाकातून आला. 'फैर' म्हणजे 'फायर'च की हो. कंपनी सरकारच्या पलटणीत देशी शिपायांच्या तोंडी बसून बसून झालेली. तुम्ही इंग्रजीला पुढच्या दारानं हाकललंत आणि तीच मागच्या दारानं पाटावर येऊन बसली.

या खात्यात अस्सल शोधायला जाऊच नये. तोफ तुर्की, बंदूक अरबी, काडतूस पोर्तुगीज. 'गोलंदाज' म्हणजे गोळा फेकणारा, त्यातला 'अंदाज' फारसी. तो बिचारा तोफेवरून उतरला आणि क्रिकेटच्या मैदानात गेला.

शुद्धबुद्ध
म्हणूनच शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश (फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा) करवून घेतला आणि त्यात शस्त्रवर्ग वेगळा ठेवला. तेव्हाही तुमच्यासारखे हसणारे असणारच.

जुनी_पोथी
असतील. आणि कोश झाल्यावरही मावळे तोफेला तोफच म्हणत राहिले. असो. मंजिरीताईंचा मुद्दा 'डागणे'चा आहे आणि तो मला जास्त गोड वाटतो.

मूळ फारसी 'दाग', तापवून उठवलेली खूण. बैलाला डागतात, पोट दुखलं की पूर्वी वैदू पोरांना डागायचे (वाईट प्रकार), भांड्याला तांबट डाग देतो. जुन्या तोफेला मागे एक भोक असे, त्याला कान म्हणत. शत्रूच्या तोफांच्या कानांत खिळे मारून त्या निकामी करत, हे बखरी वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. त्या कानाला पेटती बत्ती टेकवायची म्हणजे तोफेला डागच द्यायचा. म्हणून तोफ डागतात. म्हणजे मुळात डागली जाते ती तोफ. गोळा नव्हेच! 'गोळा डागला' हीसुद्धा घसरण, आणि 'क्षेपणास्त्र डागलं' ही घसरणीवरची घसरण.

प्रवासाच्या सामानाचे 'सात डाग' याच कुळातले असावेत असा माझा जुना संशय आहे. गाठोड्यावर खूण करत असणार.

गिरगावकर
पोथीशास्त्री, तुमचा संशय नेहमीच जुना असतो आणि पुरावा नेहमीच गाठोड्यात.

देवळालीकर
माझे वडील तोफखान्यात होते. आमचं बालपण देवळालीत गेलं, तोफखान्याच्या शाळेच्या आसपास. ही शाळा फाळणीआधी काकुलला (आता पाकिस्तानात) होती, नंतर इथं आली. सरावाच्या दिवशी घराच्या काचा थरथरायच्या आणि आई म्हणायची, "आज लवकर सुरू झालं यांचं."

घरी वडील आणि त्यांचे मराठी मित्र बोलत ते मला आठवतं. "गोळा टाकला", "गोळा अमुक ठिकाणी पडला", नाहीतर सरळ "फायर केला". 'डागला' हे त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. तो शब्द मला पेपरातच भेटला. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "डागतात जनावराला."

सारंग
मंजिरीताई, शब्दाचं नंतर बघू. आधी तुमच्या लेखकाचं बघू. मी नौदलात २२ वर्षं काढली. पाणबुडीवर नव्हतो, फ्रिगेट या जातीच्या युद्धनौकेवर होतो, म्हणजे पाणबुड्या शोधणाऱ्यांत. पण मित्र होते तिकडचे.

हा प्रसंग अमेरिकी पाणबुडीत घडणारच नाही. त्यांच्याकडे टॉर्पेडोचा हुकूम 'शूट' असा आहे. का? तर 'फायर' हा शब्द आगीसाठी राखून ठेवायचा म्हणून! तुमच्या लेखकानं ज्या गोंधळावर दोन पानं लिहिली, तो होऊ नये म्हणूनच तर शब्द बदललेला आहे. बंद नळीत शंभरेक माणसं, धूर निघाला तर जायला जागा नाही. तिथं आगीचा शब्द कुणी दुसऱ्या कामाला वापरेल का? शिवाय असले हुकूम कंट्रोल रूममधल्या चार माणसांत होतात. सगळ्या पाणबुडीला ऐकवून गणपतीची आरती करत नाहीत.

आता सोडणे-डागणे. पाणबुडीची टॉर्पेडो नळी असते ५३३ मिलिमीटर व्यासाची, जुन्या मापानं २१ इंच. आत टॉर्पेडो. मागचं दार बंद. मग नळीत पाणी भरायचं, बाहेरच्या पाण्याएवढा दाब करायचा, पुढचं दार उघडायचं, आणि पाण्याच्या नाहीतर हवेच्या दाबानं त्याला बाहेर ढकलायचं. काही जातीचे टॉर्पेडो स्वतःच्या मोटरवर पोहत बाहेर पडतात. पुष्कळांच्या मागे बारीक तार उलगडत जाते, तिच्यातून त्याला वळवता येतं. यात दारू नाही, बत्ती नाही, धडाका नाही. डागणार कशाला? सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

मंजिरी_ब
सांगते. आता चार दिवस घरात टिकता येणार नाही मला.

पण सारंगकाका, लेखक चुकला म्हणून मी 'शूट' करू शकत नाही ना? मग दोन पानंच जातील.

गिरगावकर
सारंगराव, मान्य, सगळं मान्य. पण कादंबरी वाचणारा काय दाब मोजायला बसतो? आम्ही सर्क्युलेटिंग लायब्ररीतल्या रहस्यकथांवर वाढलो. पहिल्या ओळीत नायकाच्या हातात रिव्हॉल्व्हर, तिसऱ्या ओळीत तेच पिस्तूल, प्रकरण संपेपर्यंत त्याला सायलेन्सर. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्राच्या आणि नळीच्या मधल्या फटीतून आवाज निसटतो, तिथं सायलेन्सर लावून फारसं काही होत नाही, हे मला चाळिशीत कळलं. तोवर दोनेकशे खून बिनआवाज पचवले होते. काही बिघडलं नाही.

जुनी_पोथी
आणि "त्याने घोडा दाबला"! हे तर सर्रास. घोडा दाबत नाहीत हो, चढवतात. घोडा म्हणजे मागचा तो ठोकणारा भाग. बोटानं ओढतात तो चाप. चाप म्हणजे मुळात धनुष्य, त्यामुळे 'ओढणे' हे क्रियापदही बरोबर जमून येतं. दोन वेगळे सुटे भाग आहेत आणि दोन्हींना चांगले मराठी शब्द आहेत. तरी लेखक आपले घोडा दाबतायत.

तिरकस
मुंबईत घोडा म्हणजे अख्खं पिस्तूल. दाबा नाहीतर चढवा.

देवळालीकर
आणि हल्लीच्या बऱ्याच पिस्तुलांना बाहेर घोडाच नसतो. आतल्या आत टाचणी असते. मग "घोड्याचा खटका ऐकू आला" हे वाक्य २०२० साली घडणाऱ्या कथेत आलं की मी पुस्तक मिटतो. गिरगावकर, तुम्ही दोनशे खून पचवलेत, मला एक पचत नाही.

गिरगावकर
पुस्तक मिटून काय करता मग?

देवळालीकर
दुसरं उघडतो. तिथं नायक रणगाड्याला 'चिलखती गाडी' म्हणत असतो.

डेन्व्हरची_काकू
मुळात या प्रकारच्या कादंबऱ्यांचा धंदा बारकाव्यांवरच चालतो, गिरगावकर. आपली जुनी रहस्यकथा वेगळी, हे वेगळं. टॉम क्लॅन्सीचं 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' १९८४ साली आलं. तो स्वतः विम्याचा एजंट, नौदलात एक दिवस नोकरी नाही. ते छापलं अमेरिकी नौदलाशी जोडलेल्या नेव्हल इन्स्टिट्यूटच्या प्रकाशनानं, ज्यांनी त्याआधी नवी कादंबरी छापलीच नव्हती. सोनारचं (आवाजावरून पाण्याखाली शोध घेणारं यंत्र), टॉर्पेडोचं, हुकुमांचं बारीकसारीक नेमकं वाटलं म्हणून वाचणाऱ्यांनी ती बिनआवाजाची रशियन पाणबुडीही गिळली. ती पाणबुडीच तर काल्पनिक होती!

आमचे हे ते पुस्तक झोपण्याआधी वाचत आणि मध्येच मला उठवून सोनार समजावत. ३८ वर्षं झाली, अजून समजलेलं नाही.

सारंग
काकू, ज्या घटनेवरून त्याला कल्पना सुचली ती पाणबुडीवरची नव्हतीच. नोव्हेंबर १९७५, 'स्तोरोझेवॉय' नावाची सोव्हिएत फ्रिगेट, रिगा बंदरातून निघालेली. जहाजावरच्या राजकीय अधिकाऱ्यानंच बंड केलं, आणि त्याला अमेरिकेला जायचंच नव्हतं, लेनिनग्राडला जाऊन क्रांती करायची होती. त्याच रिगात आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ ला नौदलात दाखल झाली. रिगाचं नाव निघालं की आमच्यातले जुने लोक थोडे हळवे होतात.

शुद्धबुद्ध
पहिली 'पाणबुडी' म्हणालात, सबमरीन नाही. नोंद घेतली आहे.

सारंग
घ्या. पण टॉर्पेडोला मी टॉर्पेडोच म्हणणार. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. आमच्या मेसमध्ये त्या रात्रीबद्दल बोलणारे मराठी लोक म्हणत, "खुकरीला टॉर्पेडो लागला." नुसतं 'लागला'. समोरच्यानं डागला की सोडला, हे त्यांच्या लेखी नव्हतंच. तिथं 'पाणतीर लागला' असं कुणी म्हणालं असतं तर मी उठून गेलो असतो.

शुद्धबुद्ध
सवयीचा प्रश्न आहे. तरी तुमच्या भावनेचा आदर.

कोळीवाडा
मी वाचत व्हतो मगासपासून. आमच्या बापाशीला 'बोट' म्हनजे आगबोट, मोठी. रामदास बोट बुडाली ती बोट. १७ जुलै ४७, रेवसला जानारी. आपलं लहान ते व्हडी, नायतर मचवा. आनि तुमचे पाणबुडीवाले म्हंतात आमची पाणबुडी ती 'बोट', जहाज नाय. म्हनजे इंग्रजीत बोट लहान, आमच्याकडं बोट मोठी. अनुवादात कॅप्टन "माझी बोट" बोलला तर आमच्या आईला वाटंल अलिबागला चाललाय.

आनि खोली मीटरमध्ये नको. वाव हाय ना. हात पसरून मोजायची ती.

मंजिरी_ब
कोळीवाडादादा, हे भारी आहे. मूळ पुस्तकात खोली फुटांत आहे, मी सगळं मीटर करून ठेवलंय. आता हात पसरून मोजायला लागते.

तिरकस
कुणी ऐकतंय का? २१२ पानाचं उत्तर सोपं आहे. कॅप्टन ओरडतो, "डाग!" स्पीकर खरखरतो. पोराला ऐकू येतं, "आग!" झालं.

मंजिरी_ब
तिरकस!!! चार दिवस! हे इंग्रजीपेक्षा चांगलं आहे. तिथं पोरगा शब्दाचा अर्थ चुकतो, इथं कान चुकतो.

सारंग
कल्पना झकास. पण टॉर्पेडो डागत नाहीत.

जुनी_पोथी
मीही तेच म्हणणार होतो. डागतात तोफ.

देवळालीकर
आणि हुकूम 'डाग' की 'डागा'? कॅप्टन अधिकाऱ्याला एकेरीत बोलेल का? 'डागा' केलं तर पोराला 'आगा' ऐकू येईल. आगाखान पॅलेस.

तिरकस
म्हणजे चुकीचं क्रियापद घेतलं तर विनोद वाचतो, बरोबर घेतलं तर मरतो. आणि लेखकाचा मूळ प्रसंगच सारंगकाकांच्या मते खोटा. खोट्याला खोटं जोडलं तर काय बिघडतं?

सारंग
माझ्यासारखा एक माणूस पुस्तक मिटतो, एवढंच बिघडतं. क्षेपणास्त्र असतं तर मी 'डाग' चालवून घेतलं असतं. पाणबुडीतून सोडलेलं काही जातीचं क्षेपणास्त्र बंद डब्यातून पाण्याबाहेर येतं आणि मग त्याची मोटर पेटते. निदान कुठंतरी पेटतं. प्रसंगात टॉर्पेडोऐवजी क्षेपणास्त्र करता येईल का?

मंजिरी_ब
काका, मग पुढे ते जहाजाला पाण्याखालून लागतं, त्याचं काय करू? "डाग!" आणि "सोड!" अशी दोन्ही रूपं संपादकांना पाठवलीत. त्यांचं उत्तर आलं: पाणबुडीत स्पीकर असतो का, आणि मराठीत त्याला काय म्हणायचं?

सारंग
असतो.

शुद्धबुद्ध
ध्वनिक्षेपक.

जुनी_पोथी
ध्वनिक्षेपक म्हणजे आपण ज्यात बोलतो तो. ज्यातून ऐकू येतं तो ध्वनिवर्धक.

शुद्धबुद्ध
गणेशोत्सवात पोलीस परवानगी देतात ती ध्वनिक्षेपकाची. मंडळं काय त्यात फक्त बोलतात?