मदत हवी आहे: घर आवरायला सुरुवात कुठून करू?

डोंबिवलीत वन बीएचके, मुलं ६ आणि ३ वर्षांची. आम्ही दोघंही लोकलने मुंबईला जातो, घरी यायला आठ वाजतात. सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग कायमचाच. पावसामुळे त्यातले अर्धे दमट. काल लेकीच्या गणवेशाला कुबट वास येत होता, तरी ती मुकाट्याने तोच घालून गेली. दिवसभर जिवाला लागून राहिलं.

मागच्या रविवारी अख्खं कपाट उपसलं, पण संध्याकाळी सगळं तसंच परत कोंबलं. त्यामुळे एका दिवसात सगळं आवरणं आम्हाला जमणारं नाही. रोज रात्री अर्धा तास मिळतो. आधी काय घेऊ, कपडे, ओटा की माळा? पावसाळ्यात कपडे कुठे वाळवता? अनुभवाचं सांगा, प्लीज.