खासगी गोल्फ क्लबच्या सभासदाला नक्की काय हवं असतं?

मडगावकर
नमस्कार. आम्ही तीसेक जण मिळून गोव्यातल्या सासष्टीत नऊ होलचा खासगी क्लब काढायच्या खटपटीत आहोत. मी बँकेतून निवृत्त झालोय, गोल्फ खेळायला लागून सहा वर्षं झाली. सभासदांना काय हवं याची यादी करायचं काम माझ्याकडे आलंय. बैठकीत पोहण्याचा तलाव, बार आणि पाहुण्यांच्या खोल्या एवढंच ऐकू आलं. पैसे मोजकेच आहेत. तुम्ही कुठेही सभासद असाल तर सांगा, वर्गणी भरताना तुमच्या मनात काय असतं?

फोंड्याचा
बाब, तलावाचं नंतर बघा. मी बावीस वर्षं एका घाटमाथ्यावरच्या क्लबाचा सभासद होतो. तिथे क्लब हाउसला संगमरवर लागला आणि ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत, तशाच राहिल्या. जुलैत चेंडू टेकला की पाणी उडायचं. दोन पावसाळ्यांत आमचा शनिवारचा चौघांचा कंपू फुटला. एक मुंबईला गेला, दोघांनी खेळ सोडला. जेवण वाईट म्हणून कोणी क्लब सोडलेला मला आठवत नाही, पण सोबत तुटली म्हणून सोडलेले बरेच आठवतात.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणून पहिला पैसा ग्रीनच्या पोटात घाला: खाली निचऱ्याच्या नळ्या, त्यावर दहा सेंटिमीटर खडी, वर तीस सेंटिमीटर वाळूमिश्रित थर. हे नंतर करायचं म्हणजे ग्रीन उखडावीच लागते. समुद्राजवळ असाल तर पास्पालम गवत बघा, खारं पाणी बऱ्यापैकी सोसतं.

आणि पाण्याचं आधीच ठरवा. मार्चपासून गावच्या विहिरी खाली जातात, तेव्हा तुमचे फवारे फिरताना दिसले तर गाव कसं गप्प बसेल? तेरेखोलला गोल्फचा प्रकल्प आला तेव्हा कुळांच्या जमिनींवरून लोक उभे राहिले होते. पावसाचं पाणी तळ्यात साठवा, सांडपाणी शुद्ध करून वापरा, पंचायतीशी पहिल्या दिवसापासून बोला. शेजारच्या गावाच्या तोंडचं पाणी पळवून मला खेळायचं नाही. सभासद हे बोलून दाखवणार नाहीत, पण गेटवर भांडण झालं की त्यांचीही मान खाली जाते.

पर्वरीची
मी आठवड्यातून दोनदा खेळते. मला हवी ती एक माणूस: नवीन सभासदाला फोन करून ‘गुरुवारी साडेसहाला तिघं आहेत, येता का?’ असं विचारणारी. पहिले चार महिने मी एकटीच फिरले, कारण जुने कंपू ठरलेले. बाकी, पुढच्या टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या होलला जवळच्या जागा, नीट आखलेल्या हव्यात. कोपऱ्यात दोन लाल खुणा ठोकून भागत नाही. स्वच्छ स्वच्छतागृह पाचव्या होलजवळही हवं.

हँडिकॅपची, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याची, सोयही पहिल्या वर्षीच करा. 2020 पासूनच्या जागतिक पद्धतीत 54 होलचे स्कोर दिले की हँडिकॅप मिळतो आणि नऊ होलच्या फेऱ्याही धरल्या जातात. म्हणजे तुमच्या छोट्या कोर्सवर सहा फेऱ्यांत काम होतं. तो आकडा हातात आला तेव्हा मी पहिल्यांदा स्पर्धेला नाव दिलं.

काणकोणचो कॅडी
मी सभासद नाही, कॅडी होतो, खेळाडूंच्या बॅगा उचलून सोबत फिरणारा. राजबागला नऊ होलचा आणि मोबोरला बारा होलचा कोर्स आहे, ते जाऊन बघून या. कॅडीला पावसात उभं राहायला छप्पर, सकाळी भाजी-पाव आणि ठरलेला रोज द्या. चांगला कॅडी तीन पावसाळे टिकला की त्याला ग्रीनचा उतार पाठ होतो, तुमचा स्विंगही. टिपवर जगायला लावलं की तो हॉटेलात नोकरीला जातो. मग सभासद तक्रार करतात की कोणाला काहीच माहीत नाही.

मडगावकर
देव बरें करूं. यादी उलटी केली: निचरा, पाणी, कॅडी, पुढच्या टी, फोन करणारं माणूस. तलाव कापला. फोंडेकर, गुरुवारी जागा बघायला येता का? खाली शेत आहे आणि वर सडा, पाणी कुठे वाहतं ते तुम्हाला दाखवायचंय. पर्वरीच्या ताईंनीही यावं, पाचव्या होलची जागा त्यांनीच ठरवावी. काणकोणचे बाब, तुमच्या रोजाचा आकडा मला सांगा, तोच बैठकीत मांडतो.