मदत हवी आहे: हैदराबादेत एकच दिवस, काय काय बसेल?

निशिगंधा: पुढच्या आठवड्यात हैदराबादला जातोय. फिरायला एकच दिवस आहे. चारमिनार, सालारजंग संग्रहालय, चौमहल्ला राजवाडा, गोवळकोंडा किल्ला आणि लाड बाजार बघायचाच आहे. क्रम कसा लावू? लवकर सांगा, गाडीवाल्याला आजच कळवायचंय.

मुसाफिर: वार कोणता? सोबत कोण आहे?

नांदेडकर: आधी गोवळकोंडा, तोही सकाळी नऊला. ऊन चढलं की त्या साडेतीनशे पायऱ्या जीव काढतात.

खवय्या: बिर्याणी दुपारीच खा. आणि रमजान असेल तर हलीम सोडू नका.

निशिगंधा: जेवणाचं बघू हो. शुक्रवार आहे. वाराचा काय संबंध?

मुसाफिर: शुक्रवारी सालारजंग आणि चौमहल्ला दोन्ही बंद! त्यात चारमिनारला लागूनच मक्का मशीद, दुपारच्या नमाजाला तिथे प्रचंड गर्दी होते. म्हणून चारमिनार सकाळीच उरका, गोवळकोंडा दुपारनंतर.

नांदेडकर: दुपारी गोवळकोंडा? उन्हात भाजून निघतील ते. शिवाय चारमिनारजवळच्या लाड बाजारातली दुकानं सकाळी उघडलेलीच नसतात.

मुसाफिर: पण चारमिनारवर चढायला संध्याकाळी उशिरा सोडत नाहीत, त्याचं काय?

मालतीकाकू: आधी सोबत कोण ते सांग गं.

निशिगंधा: आई. सत्तरी उलटलीय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

मालतीकाकू: मग चारमिनारचा तो गोल, अरुंद जिना नकोच. खालूनच बघा, दिवे लागल्यावर फार देखणा दिसतो. 1591 पासून उभा आहे. सकाळी गोवळकोंडा करा, आईंना खालच्या कमानीपाशी बसव. तिथे टाळी वाजवली की वर किल्ल्याच्या माथ्यावर, बालाहिसारला ऐकू येते, तू वर जाऊन ऐक. संध्याकाळी लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घ्या, पण भाव नक्की करून घे.

नांदेडकर: मी तेच म्हणत होतो.



निशिगंधा: काकू, असंच करते. पण सालारजंगचं घड्याळ आईला दाखवायचंच होतं. शनिवारी लग्न आटोपलं की दुपारी वेळ आहे.

मुसाफिर: हे आधी सांगायचं ना! शनिवारी उघडं असतं. आतला छोटा माणूस दर तासाला बाहेर येऊन टोल देतो. थोडं आधी पोचा, आईंना पुढे बसायला मिळेल.

खवय्या: लग्न कुठल्या भागात आहे? जवळची बिर्याणी सांगतो.