मदत हवी आहे: कारखाना बंद होतोय आणि राजीनामा मागताहेत. ईएसआयचा (कामगारांच्या राज्य विम्याचा) बेकारी भत्ता मिळेल का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

थोरल्या दिरांसाठी विचारते आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ते नऊ वर्षं मागावर आहेत. दिवाळीनंतर निम्मे माग बंद झाले, आता उरलेलेही विकायला काढलेत. ऑफिसातून सांगतात, हिशोब हवा असेल त्याने आधी राजीनामा द्यावा. कागद टाइप करून तयार आहे, "वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत आहे", खाली फक्त सही करायची. भाऊजींनी अजून केलेली नाही. पण गल्लीतल्या दोघांनी केली आणि त्यांच्या हातात पैसे पडले, त्यामुळे आमच्या घरात दोन तट झालेत. सासूबाई म्हणतात, मालकाशी वाकडं कशाला घ्यायचं.

दर महिन्याला पगारातून ईएसआय कापला जातो, स्लिपवर दिसतो. नोकरी गेली तर त्यातून भत्ता मिळतो म्हणे. कोणी सांगतं तीन महिने, कोणी दोन वर्षं. नक्की काय? अर्जावर मालकाची सही लागते का? जाऊबाईंची शुगरची औषधं विमा दवाखान्यातून येतात, ती लगेच बंद होतील का? घरी आम्ही तेलुगू बोलतो, भाऊजी मराठी वाचतात, पण इंग्रजी फॉर्म मलाच भरावा लागणार. म्हणून जरा सविस्तर सांगा.

– कांडीवाली

---

हिशेबनीस:

ताई, सगळ्यात आधी ती सही थांबवा. बाकीचं सावकाश बघता येईल.

तुम्ही ऐकलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या दोन वेगळ्या योजना आहेत. तीन महिन्यांची ती अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 2018 पासूनची. दोन वर्षांची ती राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 2005 पासूनची. कारखाना बंद झाला, कायदेशीर कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या दुखापतीने किमान 40 टक्के कायमचं अपंगत्व आलं, तर ही दुसरी लागू होते. पहिले 12 महिने पगाराच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के. किमान दोन वर्षं वर्गणी भरलेली हवी. औषधोपचारही त्या काळात चालू राहतात. दोन्ही भत्ते एकाच वेळी मिळत नाहीत.

आता राजीनाम्याचा घोळ बघा. स्वतःहून नोकरी सोडली, स्वेच्छानिवृत्ती घेतली किंवा गैरवर्तनाबद्दल काढलं, तर अटल योजनेत बसत नाही. राजीव गांधी योजनेत तर बंद किंवा कपात हेच कारण लागतं. म्हणजे त्या एका ओळीने दोन्ही दारं बंद. मी बरीच वर्षं कारखान्यांचे पगार आणि ईएसआयचे भरणे करतोय. महिन्याचा भरणा करताना मालकाला पोर्टलवर कामगाराच्या नावापुढे कारण निवडावं लागतं: नोकरी सोडली, कामगार कपात, काम नाही, संप किंवा टाळेबंदी वगैरे. बहुतेक ऑफिसं डोळे मिटून "नोकरी सोडली" टाकतात. कपातीची भरपाई द्यायची नसेल तर तेच सोयीचं पडतं, कारण ती दर पूर्ण वर्षाला 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी होते आणि ग्रॅच्युइटी त्याहून वेगळी. नऊ वर्षांचा हिशोब मांडा, म्हणजे राजीनाम्याची घाई कोणाला आहे ते कळेल.

---

जुनीगिरणी:

हिशेबनीसांना अनुमोदन. आमच्या वडिलांच्या गिरणीतही असेच कागद फिरले होते. तेव्हा युनियन दांडगी होती म्हणून निभावलं. आता दहा-बारा माणसांच्या कारखान्यात कोण कोणाची युनियन! त्यातही निम्मी माणसं कागदावर नसतात, एकाच शेडमध्ये तीन नावांनी तीन युनिट चालतात. तुमच्या भाऊजींची वर्गणी कापली जाते हेच मोठं आहे. पण कापली म्हणजे भरली असं नाही. आधी ते तपासा.

---

कांडीवाली:

खूप आभार. सही करायची नाही एवढं घरात पटलं, सासूबाई सोडून. वर्गणी भरली की नाही ते कुठे दिसतं? आणि अटल योजनेत साधारण किती मिळतात?

---

हिशेबनीस:

विमा कार्डावरचा आयपी नंबर, म्हणजे विमाधारकाचा क्रमांक, घ्या. ईएसआयसीच्या, म्हणजे ही विमा योजना चालवणाऱ्या महामंडळाच्या, पोर्टलवर विमाधारकाचं लॉगिन आहे, त्यात महिनावार वर्गणी आणि दिवस दिसतात. वर्गणीचे वर्षात दोन काळ असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. अटल योजनेसाठी नोकरी जाण्याआधीच्या काळात किमान 78 दिवस भरलेले हवेत आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकात तरी 78. निम्मे माग बंद झाल्यावर भाऊजींचे खाडे लागले असतील, म्हणून हा आकडा नीट बघा. दिवस कमी दिसले तर पगाराच्या स्लिपा जपा. कापलेली वर्गणी भरलेली नसेल तर तक्रार ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात लेखी द्यायची.

रक्कम अशी: चार काळांतली, म्हणजे दोन वर्षांतली, एकूण कमाई भागिले 730 दिवस, आणि त्याच्या निम्मे. दोन वर्षांत 2,92,000 रुपये कमावले असतील तर दिवसाला 400, भत्ता 200 रुपये, जास्तीत जास्त 90 दिवस म्हणजे 18,000. आयुष्यात एकदाच. मुळात दर 25 टक्के होता, 2020 मध्ये कोविडच्या वेळी 50 केला आणि पुढे मुदतवाढी मिळत गेल्या. सध्याची मुदत अर्जाआधी शाखा कार्यालयात विचारून घ्या.

नोकरी गेल्यावर 30 दिवसांनी अर्ज करता येतो. ऑनलाइन भरायचा, मग प्रिंट, आधार आणि बँक पासबुकाची प्रत शाखा कार्यालयात द्यायची. मालकामार्फत पाठवायची जुनी अट आता नाही. आधार आणि मोबाइल नंबर विमा खात्याला जोडलेत का ते आजच बघा, निम्मे अर्ज तिथेच अडकतात.

औषधांचं म्हणाल तर लगेच बंद होत नाहीत. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा.

---

जुनीगिरणी:

एक भर. कारखाना बंद झाल्याचं किंवा कामावरून कमी केल्याचं पत्र मालकाकडे लेखी मागा, पोच घ्या. दिलं नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज टाका. राजीनामा न दिलेले आणखी कोण आहेत ते शोधून एकत्र जा.

---

कांडीवाली:

आणखी तिघे आहेत, सोमवारी सगळे मिळून जातो म्हणाले. एकच शंका: या 30 दिवसांत भाऊजींनी विडी घरकुल वसाहतीतल्या ओळखीच्या मागावर बदली म्हणून काम केलं तर?

---

हिशेबनीस:

अर्जात बेरोजगार असल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि भत्ता बेकारीच्या दिवसांचाच असतो. ज्या दिवशी काम केलं तो दिवस बेकारीचा म्हणून दाखवू नका. पक्कं काम मिळालं तर ते सोडून 90 दिवसांच्या भत्त्याची वाट बघत बसू नका, पण लागल्याची तारीख शाखेत कळवा.