मदत हवी आहे: कोकोच्या बागेत राहायला येणाऱ्यांचे तंबू कुठे आणि कधी लावावेत? (जांबोटी-कणकुंबी)

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या वाटेवर माझ्या माहेरची सुपारीची बाग आहे. पोफळींच्या मधल्या जागेत बाबांनी कोको लावला, आता दादा आणि वैनी बघतात. बेळगावचे, गोव्याचे ओळखीचे लोक सारखे विचारतात, बागेत तंबू लावून दोन दिवस राहता येईल का म्हणून. वैनीची फार इच्छा आहे. कोकोचा भाव 2024 मध्ये केवढा चढला आणि मग कसा उतरला ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे घराला दुसरा आधार हवाच आहे. मुलांनी फळ फोडून सीताफळासारखा पांढरा गर चोखत बसावं, हे मलाही फार आवडेल.

अडचण जागेची आहे. येणाऱ्यांना तंबू कोकोच्या सावलीतच हवेत, आणि दादाही त्याला तयार आहे. माझा जीव मात्र त्या झाडांत अडकलाय. कोकोचं फळ फांदीच्या टोकाला नाही, खोडावर आणि जाड फांद्यांवर धरतं. तिथल्या बारीक गाठींतून वर्षानुवर्षं फुलं येतात. कुणी झोपाळ्याची दोरी आवळली, खिळा मारून पिशवी अडकवली आणि गाठ सोलली, की तिथलं फळ गेलंच.

शिवाय बागेत पाल्याचा थर असतो, तो आम्ही मुद्दाम झाडत नाही. कोकोच्या फुलाचं परागीकरण डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिलटांकडून होतं, आणि ती कुजक्या पाल्यात, फळांच्या सालींच्या ढिगातच वाढतात. पाला काढला तर फळधारणा घटते. ठेवला तर त्यातच गोचीड, आणि आपल्या भागात गोचीड म्हटलं की तिच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाची भीती आली. मग माणसं झोपवायची कुठे?

दुसरं, महिना कुठला धरावा? मोठी तोडणी एप्रिल ते जून आणि शाळांना सुट्टीही तेव्हाच, पण वळवाचा पाऊस असतो, फणस पिकले की अस्वलं फिरतात. पावसाळ्याचा तर प्रश्नच नाही. कणकुंबीचा पाऊस, जळवा, आणि फळं काळी पडून कुजण्याचा रोगही त्याच दिवसांत. दुसरा बहर सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत थोडा थोडा येतो.

कागदपत्रांचंही कुणी सांगा की. जमीन मालकीची आहे, पण जंगल अगदी बांधाला लागून.

सत्तरीहून प्रतिसाद

ताई, तंबू बागेत नकोतच. आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, आम्ही पाहुण्यांना घरापुढच्या सारवलेल्या खळ्यावर झोपवतो. ऊन, वारा लागतो, जमीन कोरडी राहते, रात्री उठलं तरी पायाखालचं दिसतं. बागेत दिवसा घरच्या माणसाबरोबर जायचं, ठरलेल्या एकाच वाटेनं. तेवढी वाट झाडा, बाकी पाला आहे तसा राहू दे. आणि वरून सुपारीची झावळी पडते, हे तुमच्या दादांना आठवत नाही का? तंबूच्या कापडाला ती कुठली आवरायला!

दोडामार्गहून प्रतिसाद

मी आरोग्याच्या कामात आहे, म्हणून हे मनापासून लिहिते. माकडताप 1957 मध्ये शिवमोग्ग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. 2015 मध्ये सत्तरीत आणि 2016 मध्ये आमच्या तालुक्यात आला, तेव्हा घरंच्या घरं आजारी पडलेली मी पाहिलीत. कोरड्या दिवसांत गोचिडीची पिल्लं पाल्यात वाढतात. त्यामुळे डिसेंबरपासून मेपर्यंत जास्त जपायचं, जानेवारीनंतर तर फारच. म्हणजे तुमची एप्रिलची मोठी तोडणी पाहुण्यांसाठी सोडूनच द्या.

बागेत जाताना पूर्ण बाह्या, विजार मोज्यांत खोचलेली, अंगाला आरोग्य खात्याचं डेपा तेल, म्हणजे गोचीड लांब ठेवणारं तेल. परतल्यावर कपडे गरम पाण्यात, साबणानं अंघोळ, आणि मुलांच्या काखा, मान, कानामागं नीट बघायचं. गोठा तंबूंपासून लांब हवा, गुरांच्या अंगावर गोचीड येते. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, लगेच आरोग्य केंद्राला कळवायचं. परत गेल्यावर आठवडाभरात अचानक जोराचा ताप आणि डोकेदुखी झाली, तर डॉक्टरांना जंगलाला लागून राहिलो होतो हे सांगायला हवं. प्रत्येक पाहुण्याला हे निघताना सांगा.

खानापूरहून प्रतिसाद

कागदांचं सांगतो. आधी उताऱ्यावर जमीन आणि हद्द नीट बघा. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, त्याच्या आसपास तुमचा सर्व्हे नंबर येतो का हे वन खात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारा. पहिल्यांदा तिथेच जा. मग पंचायत, आणि घरगुती निवासाच्या नोंदणीसाठी पर्यटन खातं. शेकोटी बांधालगत अजिबात नको. रात्री गवे वाटेवर उभे असतात, तेव्हा अंधार पडल्यावर बागेत कुणाला सोडू नका.

धागा सुरू करणारीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाला हे वाचून दाखवलं, झावळीचा मुद्दा त्याला लगेच पटला. खळ्यावर चारच तंबू, तेही पाऊस ओसरल्यावर दिवाळीच्या आसपास, असं ठरतंय. वन कार्यालयात तो सोमवारी जाणार आहे.

आता एकच राहिलं. कोकोच्या ओल्या बिया आंबवायला आम्ही केळीच्या पानांचं अस्तर लावून बांबूच्या बुट्टीत भरतो, वर गोणपाट टाकतो, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी हलवतो. सहा दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळवतो. मधल्या दिवसांत बुट्टी इतकी तापते की हात घातला तर चटका बसावा, आणि वास आंबट शिर्क्याचा. पाहुणे राहणार दोनच दिवस. वैनी म्हणते, दोन-दोन दिवसांच्या अंतरानं तीन बुट्ट्या लावू, म्हणजे एकाच वेळी तिन्ही टप्पे दिसतील. पण त्या बहरात फळं कमी. थोड्या बियांची बुट्टी नीट तापते का, की बिया आंबण्याऐवजी बुरशी धरतात? कमीत कमी किती किलो भरावं? ज्यांनी हाताने केलंय त्यांनी कृपा करून सांगा, तोडणीच्या आधी बुट्ट्या विणून घ्यायच्या आहेत.